ड्रोन मॅपिंगसाठी रीच आरएस२+ : बेस चांगला, पण १३४ मिलिमीटर विसरू नका

एमलिड कंपनीचा रीच आरएस२+ हा उपग्रहांवरून जागा मोजणारा रिसीव्हर ट्रायपॉडवर बेस म्हणून, म्हणजे एका जागी स्थिर संदर्भयंत्र म्हणून, उभा करायचा, त्याच्या नोंदींवरून ड्रोनच्या फोटोंची स्थाने उड्डाणानंतर दुरुस्त करायची, म्हणजे पीपीके करायचे. एवढ्याच कामासाठी हे परीक्षण आहे. दगडखाणीतले ब्रास (१०० घनफुटांचे माप) काढणे, मुरमाचे ढीग मोजणे, लेआउटचा किंवा गावठाणाचा नकाशा करणे, या कामांना यंत्राची अचूकता पुरून उरते. नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: बेसखालच्या बिंदूचे निर्देशांक चुकीचे दिले जातात, किंवा अँटेनाची उंची चुकीची भरली जाते. ही दोन्ही कामे माणसाची, यंत्राची नव्हेत.

आधी यंत्राबद्दल. वजन ९५० ग्रॅम. आयपी६७ दर्जाचे (धूळ-पाणी आत न जाणारे) असल्यामुळे पावसाची सर आली तर यंत्र झाकायला धावावे लागत नाही. बॅटरी नुसत्या लॉगिंगवर २२ तास आणि आरटीकेवर (जागेवरच, त्याच क्षणी दुरुस्ती) १६ तास चालते, असे कंपनी म्हणते. चार्जिंग यूएसबी-सीने, त्यामुळे साइटवर पॉवरबँकवरही भागते. सिमकार्डची जागा आहे आणि दोन यंत्रांना जोडणारा लोरा रेडिओही आहे. पीपीकेची अचूकता आडवी ५ मिमी + ०.५ पीपीएम, उभी १० मिमी + १ पीपीएम अशी दिली आहे.

या आकड्यांतल्या पीपीएमकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. १ पीपीएम म्हणजे अंतराचा दहा लाखावा भाग: बेसपासून ड्रोन १० किमी दूर गेला की आणखी १० मिमी. माहितीपत्रकात पीपीकेसाठी १०० किमी अंतर चालेल असे लिहिलेले असते, पण आपल्याकडे त्याच्या भरवशावर राहू नये. महाराष्ट्रावरचे आयनोस्फियर (उपग्रहाचा सिग्नल वाकवणारा, वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) युरोपपेक्षा बरेच चंचल आहे. दुपारी दोनच्या आसपास ते सर्वांत दाट असते, तर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर सिग्नल तुटक होतात. बेस साइटवरच, फार तर चार-पाच किमीवर ठेवला तर दोन्ही टोकांवरचा हा परिणाम जवळपास सारखाच असतो आणि वजाबाकीत निघून जातो. उड्डाण सकाळी केले तर आणखी बरे.

उपग्रहांच्या बाबतीत एक मर्यादा आहे. हा रिसीव्हर एल१ आणि एल२ या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालतो, एल५ घेत नाही. त्यामुळे नाविक या भारतीय प्रणालीचे उपग्रह त्याच्या हिशेबात येत नाहीत. बायडू या चिनी प्रणालीच्या नव्या पिढीचे उपग्रह बी२आय हा दुसरा सिग्नल पाठवत नाहीत, म्हणून ते इथे एकाच फ्रिक्वेन्सीवर मिळतात. उघड्या माळावर याने काही अडत नाही. खोल खाणीच्या तळाशी किंवा कोकणातल्या दाट झाडीत मात्र जाणवते. बेस लावताना १५ अंशांच्या वरचे आकाश मोकळे हवे आणि जवळपास पत्र्याची शेड, उभा डंपर किंवा जेसीबी नको. पत्र्यावरून परतलेला सिग्नल फिक्स (सेंटिमीटरभर अचूक मानले जाणारे उत्तर) देतो, पण चुकीचा.

आता बेसच्या बिंदूकडे. अॅपमध्ये निर्देशांक देण्याचे चार मार्ग दिसतात: सिंगल सरासरी (दुरुस्तीविना), फ्लोट सरासरी (अर्धवट दुरुस्त), फिक्स सरासरी आणि हाताने. घाईत बहुतेकजण पहिला निवडतात. त्यात बेसची जागा दीड-दोन मीटरने चुकू शकते आणि तेवढाच अख्खा नकाशा सरकतो. एकाच उड्डाणातल्या ढिगाचे घनफळ तरीही बरोबर येते, कारण सगळे एकत्र सरकलेले असते. पुढच्या महिन्यात तीच खाण पुन्हा मोजली की घोळ बाहेर येतो: दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसत नाहीत आणि न उपसलेला मुरूम उपसलेला दिसतो.

सरळ उपाय असा. साइटवर काँक्रीटमध्ये खिळा बसवून पक्का बिंदू करायचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याचे (कायम चालू असणारी संदर्भकेंद्रे) खाते उघडून, सिमवरून एनट्रिपने (इंटरनेटवरून सुधारणा मिळवण्याची पद्धत) जोडून त्या बिंदूवर फिक्स मिळवायचा, पाच मिनिटांची सरासरी घ्यायची, तासाभराने पुन्हा घ्यायची. दोन्ही आकडे आडवे २ सेंमी आणि उभे ४ सेंमीच्या आत जुळले तर सरासरी काढून लिहून ठेवायची आणि पुढे दर वेळी तीच हाताने भरायची. व्हीआरएस प्रकारचा (तुमच्या जागेजवळचे आभासी केंद्र तयार करणारा) माउंटपॉइंट, म्हणजे सुधारणांचा स्रोत, असेल तर यंत्राकडून स्वतःची जागा कळवण्याचा पर्याय चालू हवा, नाहीतर सुधारणा येतच नाहीत. जिथे नेटवर्क नाही तिथे दोनेक तासांचे स्थिर लॉगिंग करून जवळच्या कॉर्स केंद्राच्या राइनेक्स फाइलशी (उपग्रह-नोंदींचा सर्वमान्य प्रकार) गणित करावे.

ऑनलाइन पीपीपी सेवेचा (जवळच्या बेसशिवाय एकाच यंत्राच्या नोंदींवरून जागा काढणारी) आकडा आणि कॉर्सचा आकडा एकाच कामात मिसळू नये. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी ईशान्येकडे सरकतो. पीपीपी आजच्या तारखेची जागा देते, जाळ्याचे निर्देशांक ठरलेल्या जुन्या तारखेला बांधलेले असतात. वीस वर्षांत हा फरक मीटरभराचा होतो.

उंचीत तर दोन खड्डे आहेत. पहिला १३४ मिलिमीटरचा. आरएस२+ च्या बुडापासून अँटेनाच्या फेज सेंटरपर्यंतचे (सिग्नल जिथे मोजला जातो तो बिंदू) अंतर तेवढे आहे. २ मीटरच्या काठीवर यंत्र लावले की खरी उंची २.१३४ मीटर. एमलिडच्या अॅपमध्ये फक्त काठीची उंची भरायची, १३४ ते स्वतः मिळवते. दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरले की एकतर ते मिळवलेच जात नाहीत किंवा दोनदा मिळवले जातात. राइनेक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, वरच्या ओळींत अँटेनाच्या उंचीची एक ओळ असते. तिथला आकडा २.०००० आहे की २.१३४० ते डोळ्यांनी पाहायचे आणि मगच पुढे जायचे. ही चूक पैशांत किती पडते? एक हेक्टर खाणीवर एका महिन्याची उंची बरोबर आणि दुसऱ्या महिन्याची १३.४ सेंमीने चुकीची असेल तर १,३४० घनमीटरचा, म्हणजे सुमारे ४७३ ब्रासचा फरक निव्वळ कागदावर तयार होतो.

दुसरा खड्डा जिऑइडचा, म्हणजे समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचा. रिसीव्हर लंबवर्तुळावरची (पृथ्वीचा गणिती आकार) उंची देतो, कंत्राटदाराला समुद्रसपाटीपासूनची हवी असते. मुंबई-पुणे पट्ट्यात दोहोंत ६० मीटरहून जास्त अंतर आहे, आणि ते ऋण आहे. त्यामुळे अलिबागच्या किनाऱ्यावर यंत्राने उणे साठच्या घरातली उंची दाखवली तर यंत्र बिघडलेले नाही. ईजीएम२००८ हे जिऑइडचे मॉडेल लावून हे अंतर बरेचसे निघते, तरी काही डेसिमीटर उरू शकतात. रस्ता किंवा कालव्याच्या कामात जवळच्या बेंचमार्कवर (ज्ञात उंचीची खूण) रोव्हर, म्हणजे फिरता रिसीव्हर, धरून उरलेला फरक काढावाच लागतो.

उड्डाणाच्या दिवशी बेसचे लॉगिंग (राइनेक्स ३, सेकंदाला एक नोंद) उड्डाणाच्या पंधरा मिनिटे आधी सुरू करावे आणि ड्रोन उतरल्यावर पाच मिनिटांनी बंद करावे. मध्ये कुणी ट्रायपॉडला हात लावू नये. काम संपल्यावर बबल (समपातळी दाखवणारा बुडबुडा) आणि उंची पुन्हा तपासावी. एमलिड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे; त्यात बेसची फाइल, ड्रोनची फाइल आणि फोटो दिले की दुरुस्त स्थाने मिळतात. गणिताचा फिल्टर नोंदींवर पुढून-मागून दोन्हीकडून चालवावा. ९५ टक्क्यांहून कमी फोटो फिक्समध्ये आले तर कारण शोधावे: बहुधा वळणावर ड्रोन जास्त कलल्यामुळे उपग्रह सुटलेले असतात.

ड्रोनच्या बाजूने दोन गोष्टी बघाव्यात. शटर उघडल्याची वेळ नेमकी नोंदली गेली पाहिजे. १० मीटर प्रतिसेकंद वेगाला १० मिलिसेकंदांची चूक म्हणजे १० सेंमी. आणि पीपीके स्थान देते अँटेनाचे, कॅमेऱ्याचे नव्हे. फँटम ४ आरटीके या ड्रोनमध्ये अँटेना कॅमेऱ्याच्या सुमारे १९ सेंमी वर आहे. ड्रोनच्या एमआरके फाइलमध्ये (फोटोंच्या वेळांची नोंद) प्रत्येक फोटोसाठी ही तफावत दिलेली असते, ती वजा झाली का ते तपासावे.

पीपीके आहे म्हणून जमिनीवरचे बिंदू अजिबात नकोत, असे विक्रेते सांगतात. ते ऐकू नये. सरळ खाली बघणाऱ्या फोटोंत लेन्सचे फोकल अंतर आणि नकाशाची उंची एकमेकांत मिसळतात, आणि पूर्ण नकाशा पाच-सात सेंमीने वर-खाली बसू शकतो. एखादा-दोन नियंत्रण बिंदू (जमिनीवर खूण करून अचूक मोजलेले) ही चूक धरतात. बाकीचे बिंदू गणितात न घालता तपासणीसाठी राखून ठेवावेत. ६० सेंमीचा काळा-पांढरा चौकोन चांगला. फक्कीची फुलीही चालते, पण तिचा मध्य सापडत नाही.

विदर्भातल्या कामांसाठी एक सूचना: यूटीएम या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीचा झोन ७८ अंश रेखांशावर बदलतो. अमरावती ४३ मध्ये, वर्धा-नागपूर ४४ मध्ये. अॅपमध्ये मागच्या कामाचा झोन तसाच राहिला तर निर्देशांक भलतीकडेच जातात.

कमतरता मोजक्या आहेत. काठी तिरपी धरली तर सुधारून घेणारा सेन्सर नाही, तो आरएस३ मध्ये आहे. बेसला त्याचा उपयोग नाही, पण बिंदू मोजताना प्रत्येक ठिकाणी बबल जुळवत बसावे लागते. स्क्रीन नाही, सगळे फोनवर. अॅपच्या काही सर्वेक्षण सोयींसाठी वर्गणी भरावी लागते; बेस लावायला आणि लॉगिंगला लागत नाही. ट्रायपॉड, ट्रायब्रॅक (यंत्र समपातळीत बसवणारी बैठक) आणि २ मीटरची काठी वेगळी घ्यावी लागते.

नियंत्रण बिंदूंसाठी दुसरे युनिट घ्यायचे असेल तर ते आरएस३ घ्यावे आणि आरएस२+ बेसवरच राहू द्यावा. दोन्ही लोरावर एकमेकांशी बोलतात. फ्रिक्वेन्सी मात्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आतच ठेवावी, भारतात तो पट्टा विनापरवाना आहे.