चादरींच्या ट्रेलरचा कॅम्पर : एमआयडीसीतल्या एका वायरिंगच्या दुकानाचा अनुभव

चादरी आणि टॉवेलांची प्रदर्शने लावणाऱ्या एका व्यापाऱ्याने माल नेण्यासाठी बनवून घेतलेला बंद पेटीचा दोनचाकी ट्रेलर मी गेल्या वर्षी विकत घेतला आणि आम्हा दोघांना चार-पाच दिवस बाहेर राहता येईल असा कॅम्पर त्यातून करायचे ठरवले. पेटी आतून दहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. सुतारकाम ओळखीच्या माणसाकडून झाले, आणि असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते म्हणून तेही आधीच उरकले. अडले ते वायरिंगपाशी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत ट्रक आणि बसची वायरिंग करणारे, पाटीसुद्धा नसलेले एक दुकान आहे. शेवटी काम त्यांच्याकडे दिले. त्या कामाचे हे परीक्षण आहे.

त्याआधी एका घरगुती वायरमनने केलेले काम सांगणे भाग आहे, कारण तुलना त्याच्याशीच आहे. त्याने घरातली उरलेली एक स्क्वेअरची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची तार सगळीकडे ओढली, पत्र्याला भोके पाडून ती तशीच आरपार घातली आणि बॅटरीपाशी फ्यूज बसवलाच नाही. तुळजापूरचा घाट चढून आलो तेव्हा पेटीत जळका वास होता. गचके बसून बसून पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले गेले होते आणि तांबे उघडे पडले होते. लाकडी फळीला काळा डाग पडण्यावर निभावले.

दुकानातल्या मिस्त्रींनी ते पाहिले, काहीच बोलले नाहीत, आणि ट्रेलरला हात लावण्याऐवजी एक जुने कॅलेंडर उलटे करून पुढे ठेवले. "मालक, तार मागनं बघू. रात्री पंखा किती तास चालणार ते सांगा आधी," हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्या कॅलेंडरमागे आम्ही दीड तास बसलो. १२ व्होल्टचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २५ वॉटचा, दहा तास. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज ५० वॉटचा, उन्हाळ्यात निम्मा वेळ चालू धरून बारा तास. दिवे २० वॉटचे, पाच तास. पाण्याचा पंप दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटे. मोबाईल आणि लॅपटॉप मिळून १५० वॉट-तास. बेरीज सुमारे १,११५ वॉट-तास झाली. मी १०० अँपिअर-तासांची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी घ्यायला निघालो होतो, जिच्यात १२.८ व्होल्टने १,२८० वॉट-तास मावतात. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे म्हटले तर १,०२४ उरतात, म्हणजे पहिल्याच दिवशी हिशेब तुटला असता. त्यांनी १५० ची घ्यायला लावली. साध्या लेड-ॲसिड बॅटरीने हेच काम करायचे तर ती निम्मीच वापरता येत असल्याने १८० अँपिअर-तासांच्या आसपास जावे लागले असते, आणि तेवढे वजन दोन चाकांच्या ट्रेलरवर नको होते.

इंडक्शन शेगडीची माझी हौस त्याच कागदावर संपली. दोन हजार वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत पावणेदोनशे अँपिअर ओढते हे त्यांनी आकडेमोड करून दाखवले आणि पुढे फक्त "गॅस" असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग पेटीत जाऊन त्यांनी खडूने भिंतींवर रेघा ओढल्या. प्रत्येक तारेचा मार्ग, प्रत्येक वळण आणि सुताराचा स्क्रू कुठे येणार ती जागा प्लायवूड बसण्याआधी ठरली. फ्रिजपर्यंतचा मार्ग वळणे घेत सहा मीटर भरला. तार निवडताना जाणे-येणे मिळून बारा मीटर धरावे लागतात हे मला माहीत नव्हते. चार अँपिअर घेणाऱ्या फ्रिजला एक स्क्वेअरची तार दिली तर वाटेतच ०.८ व्होल्ट मरतात आणि बॅटरी थोडी उतरली की फ्रिज स्वतःच बंद पडतो. चारच्या तारेत हीच घट ०.२ व्होल्टवर येते. आधीच्या तारेवर फ्रिज पहाटे का थांबत असे, याचा उलगडा तिथे झाला. इन्व्हर्टर त्यांनी बॅटरीपासून हातभर अंतरावर ठेवला, त्याला पंचवीस स्क्वेअरची तार आणि १२५ अँपिअरचा फ्यूज दिला, आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवला. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला वाचवण्यासाठी नव्हे, हे वाक्य त्यांच्याकडून चार वेळा ऐकले.

कारागिरी पाहावी तर लगांपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यांपाशी पाहावी. एकही जोड पिळून टेप गुंडाळलेला नाही. प्रत्येक लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून त्यावर हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवलेली आहे, पत्र्यातल्या प्रत्येक भोकात ग्रोमेट, म्हणजे तार कापू न देणारे रबरी कडे आहे आणि सगळ्या तारा बारीक धाग्यांच्या, म्हणजे गचक्यांनी न तुटणाऱ्या आहेत. बॅटरी त्यांनी ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाशी, जाळी असलेल्या कप्प्यात ठेवली. मला ती वरच्या फडताळात हवी होती. पण मे महिन्यात सोलापुरात बाहेरच ४३ अंश असतात, बंद पत्र्याच्या पेटीत छताजवळ त्याहून बरेच जास्त, आणि अशा बॅटरीचे चार्जिंग साधारण ४५ अंशांच्या वर करू नये असे तिच्या पत्रकातच छापलेले आहे.

एक दोष मी सांगितलाही नव्हता, तो त्यांनी न विचारता काढला. उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणत असे. ट्रेलरच्या दिव्यांचे अर्थिंग हुकाच्या गोळ्यातून गाडीकडे परत जात होते, आणि गोळ्यावर गंज आणि ग्रीस असल्याने विजेला धड वाट मिळत नव्हती. त्यांनी सात पिनांच्या प्लगमधून स्वतंत्र अर्थची तार घातली आणि रस्त्याच्या दिव्यांचे सर्किट राहण्याच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळे केले. गाडीतून बॅटरी चार्ज करण्यासाठी मात्र या प्लगवर विसंबले नाहीत. दहा स्क्वेअरची वेगळी तार, दोन्ही टोकांना फ्यूज आणि मध्ये गाडीच्या विजेवर ही बॅटरी नीट भरणारा २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर अशी सोय केली.

छतावर प्रत्येकी दोनशे वॉटची दोन सोलर पॅनेल समांतर जोडून एमपीपीटी कंट्रोलरला (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणाऱ्या यंत्राला) दिली आहेत, त्यामुळे झाडाची सावली एकावर पडली तरी दुसरे काम करत राहते. तापलेल्या छतावर पॅनेल ६५ अंशांपर्यंत जाते आणि त्याचे उत्पादन पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, तरी कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण दीड युनिट, म्हणजे १,५०० वॉट-तास मिळते. आम्हाला ते पुरते.

आता तक्रारी. या दुकानाचा हात १२ व्होल्टवर बसलेला आहे, २३० व्होल्टवर नाही. बाहेरून वीज घेण्याच्या सॉकेटमागे त्यांनी केवळ १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला तर वीज तोडणारा स्विच) लावला होता. पत्र्याच्या पेटीत, ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्या माणसासाठी विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अत्यावश्यक आहे, हे मला अडून बसून करून घ्यावे लागले. त्यांच्या मते तो "उगं खर्च" होता. बाहेरून येणाऱ्या हिरव्या अर्थच्या तारेला ट्रेलरची चासी जोडलेली नव्हती, तेही सांगितल्यावर झाले. सर्वांत घातक चूक रंगांची होती. आपल्याकडे न्यूट्रलला काळी तार वापरतात आणि गाडीच्या वायरिंगमध्ये निगेटिव्हही काळीच असते. त्यांनी दोन्ही काळ्या तारा एकाच पाईपमधून नेल्या होत्या. उद्या कुणी दुसरा कारागीर १२ व्होल्टची समजून २३० व्होल्टच्या सर्किटमधल्या काळीला हात लावील, या भीतीने मी प्लायवूड उघडायला लावला. आता दोन्हींचे पाईप वेगळे आहेत आणि १२ व्होल्टच्या निगेटिव्हच्या प्रत्येक टोकाला पिवळी स्लीव्ह आहे. हे दुरुस्तीचे काम त्यांनी कुरकुरत, पण वेगळे पैसे न घेता केले.

आठ दिवसांचे काम तेवीस दिवस चालले. मजुरी १६,५०० रुपये झाली, साहित्य वेगळे. बिलावर साहित्याची यादी होती, पण वायरिंगचा नकाशा मागितला तेव्हा ते कॅलेंडरच माझ्या हातात दिले गेले. मी त्यावरून स्वच्छ प्रत काढून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवली आहे.

नळदुर्ग आणि उजनीच्या काठची मुक्कामाची सहल धरून आजवर दीड हजार किलोमीटर झाले. प्रत्येक फेरीनंतर मी लग हाताने हलवून पाहतो. एकही सैल झालेला नाही, आणि पहाटे फ्रिज चालू असतो. माझ्या मते १२ व्होल्टच्या कामाला पाचपैकी साडेचार आणि २३० व्होल्टच्या कामाला दोन गुण द्यावेत. ज्याला दुसऱ्या भागावर स्वतः लक्ष ठेवता येते त्याने बेलाशक जावे. ज्याला येत नाही त्याने तेवढा भाग परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावा. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास ट्रेलर तिथे नेऊ नये, कारण त्यांची दोन्ही पोरे तेव्हा होम मैदानावर पाळण्यांच्या वायरिंगला असतात; माझे तेवीस दिवस त्यातच गेले.