स्लिम्स : जाकार्तात घडलेली ग्रंथालय प्रणाली सीमाभागातल्या मराठी वाचनालयाला कशी बसते

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अनेक मराठी वाचनालये वर्गणी आणि देणग्यांवर चालतात. संध्याकाळचे तीन-चार तास दार उघडे, एकच ग्रंथपाल, तोही अर्धवेळ. अशा ठिकाणी संगणकीकरणाचा विषय निघाला की वर्षाची फी घेणारे सॉफ्टवेअर किंवा एक्सेल, एवढेच दोन पर्याय पुढे येतात. दोन ते पंधरा हजार पुस्तकांच्या वाचनालयासाठी या दोन्हींपेक्षा चांगली निवड म्हणजे इंडोनेशियाची ‘स्लिम्स’, पूर्ण नाव सेनायान लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम.

ती कुठून आली हे आधी पाहावे, कारण तिचे गुणदोष तिथेच सापडतात. जाकार्तातल्या सेनायान भागात तिथल्या शिक्षण मंत्रालयाचे ग्रंथालय आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयाचा वारसा त्याच्याकडे आला, सोबत ‘अ‍ॅलिस’ ही परवान्याची परदेशी प्रणालीही आली. परवान्याच्या अटींत अडकून राहण्यापेक्षा हेन्ड्रो विचाक्सोनो, आरी नुग्राहा आणि सहकाऱ्यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांना मोकळी झाली. २००९ मध्ये इंडोनेशियाच्या ‘इनाइक्टा’ या माहिती-तंत्रज्ञान पुरस्कारात तिला मुक्त सॉफ्टवेअर गटाचा पहिला मान मिळाला. सॉफ्टवेअर विनामूल्य, आणि बसवून देणे, शिकवणे, सर्व्हर सांभाळणे यातून ज्याला कमवायचे त्याने कमवावे, अशी ही रीत आहे. सरकारी ग्रंथालयातल्या लोकांनी देशभरच्या शाळांच्या उपयोगी पडेल अशी वस्तू करून ती वाटून टाकली, हे काम खरोखर मोठे आहे.

आवृत्त्यांना झाडांची नावे आहेत. सातवी चेंदाना, म्हणजे आपले चंदन, आठवी आकासिया, नववी बुलियान. पडद्याची भाषा इंडोनेशियन ठेवली तर ‘पेरपुस्ताकाआन’ म्हणजे ग्रंथालय आणि ‘देंडा’ म्हणजे उशिराचा दंड असे शब्द दिसतात. मराठी माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

नव्याने बसवणाऱ्याने नववीच घ्यावी. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांना पीएचपी ८.१ ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि माहिती साठवायला मायएसक्यूएल ५.७ किंवा मारियाडीबी १०.३ लागते. विंडोजवर झॅम्प हा विनामूल्य संच टाकला की हे सगळे एकत्र मिळते, फक्त जीडी, गेटटेक्स्ट आणि एमबीस्ट्रिंग ही पीएचपीची विस्तारके चालू आहेत का ते बघायचे. चार जीबी रॅमचा जुना संगणक पुरतो. कोहा ही न्यूझीलंडची प्रणाली अधिक भरभक्कम आहे, पण तिला लिनक्स आणि ‘मार्क’ या ग्रंथालयीन नोंदींच्या आंतरराष्ट्रीय साच्याची शिस्त लागते. अर्धवेळ ग्रंथपालाला ते ओझे झेपत नाही. स्लिम्सचे फॉर्म साधे आहेत, आठवड्याभरात हात बसतो.

बसवल्यावर पहिल्यांदा घड्याळ तपासा. मूळ मांडणीत वेळ जाकार्ताची असते, आपल्यापेक्षा दीड तास पुढची. ती आशिया/कोलकाता केली नाही तर देवघेवीच्या सगळ्या नोंदी चुकीच्या वेळेच्या होतात. मग सुट्ट्यांचे वार आणि सणांच्या तारखा भरा. त्या भरल्या नाहीत तर गणेशोत्सवात वाचनालय बंद असूनही सभासदाच्या नावावर दंड चढतो आणि काउंटरवर वाद होतात. भाषांच्या यादीत मराठी, कन्नड आणि कोंकणी स्वतः टाका. एकाच नोंदसंचात देवनागरी आणि कन्नड लिपी अडचणीशिवाय नांदतात. लेबले आणि सभासद कार्डे ब्राउझरमधूनच छापली जात असल्याने जोडाक्षरेही फुटत नाहीत.

खरी मेहनत नोंदींची. इथे नीट हिशोब करा. एका पुस्तकाला ५ मिनिटे धरली तर ४ तासांत ४८ पुस्तके होतात, म्हणजे ६,००० पुस्तकांना १२५ दिवस. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून दुसरीकडची तयार नोंद ओढून घेण्याची सोय आहे, पण जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो. त्यामुळे तिचा आपल्याला फारसा उपयोग नाही.

जुनी यादी संगणकावर असेल तर ती बहुधा श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टात असते. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणा आणि मग दोन गोष्टी एकसारख्या करा. पहिली, ‘अ‍ॅ’चा उच्चार काही कळफलक ‘ॲ’ असे एकच चिन्ह म्हणून साठवतात, तर काही ‘अ’वर चंद्र ठेवून दोन चिन्हे करतात. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही, शोधाला मात्र दिसतो. ‘ऱ्य’चेही तेच, ‘कादंबऱ्या’ शोधले तर निम्म्याच सापडतात. दुसरी, लेखकाच्या आद्याक्षरांमधली जागा. ‘वि. स.’ आणि ‘वि.स.’ हे प्रणालीला दोन वेगळे लेखक वाटतात. आडनाव आधी की नंतर, हेही पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावा. नंतर लेखक एकत्र करत बसणे हे पुस्तके भरण्यापेक्षा कंटाळवाणे काम आहे.

एक्सेलमधून आणताना फाईल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करा. नुसती सीएसव्ही केली तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन येते. एकाहून जास्त लेखक असतील तर प्रत्येक नाव < > अशा कोनी कंसात घालावे लागते. आधी २० ओळी आणून बघा, मग बाकीच्या. प्रतींची वेगळी फाईल देण्याचा मार्ग आहे, पण तो टाळा. तिथे प्रत कुठल्या पुस्तकाची हे नुसत्या शीर्षकावरून जुळवले जाते. ज्ञानेश्वरीच्या तीन प्रकाशकांच्या तीन आवृत्त्या असतील तर सगळ्या प्रती एकाच नोंदीखाली जाऊन बसतात. पुस्तकांच्या फाईलमध्येच शेवटच्या स्तंभात प्रतींचे क्रमांक द्या, म्हणजे हा घोळ होत नाही. आयात झाल्यावर सिस्टिम विभागातून शोधसूची पुन्हा बांधायला विसरू नका. नोंदी आल्या पण शोधात दिसत नाहीत, या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

दाखल क्रमांक शून्ये लावून घ्या, ०००१२ असे, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येतो. बारकोडात देवनागरी आकडे चालत नाहीत, ते इंग्रजीच (1, 2, 3) हवेत. लेबले एका वेळी ५० पर्यंत छापता येतात. थर्मल कागद घेऊ नका, दोन-तीन वर्षांत छपाई उडते. साध्या ए-४ स्टिकरवर लेझर प्रिंट काढा आणि वर पारदर्शक पट्टी लावा. खानापूरकडच्या पावसाळी ओलीत नुसत्या डिंकाचे लेबल टिकत नाही.

वर्गीकरणात ड्युई ही विषयवार क्रमांकांची पद्धत वापरत असाल तर मराठी कादंबरी ८९१.४६३ आणि कन्नड साहित्य ८९४.८१४. नाहीतर कादंबरी, चरित्र, नाटक, बालसाहित्य हे आपले नेहमीचे विभाग ‘संग्रह प्रकार’ म्हणून टाका. दिवाळी अंकांना वेगळा प्रकार द्या आणि त्यांची मुदत सात दिवसांची ठेवा. सभासद प्रकार आणि संग्रह प्रकार मिळून वेगळा नियम लावता येतो, ही सोय फार उपयोगाची आहे.

मोठी उणीव वर्गणीची. सभासदत्वाची मुदत आणि दंड प्रणाली सांभाळते, पण दरमहा वर्गणी आणि अनामत रकमेचा खातेवहीसारखा हिशोब तिच्यात नाही. आपल्या वाचनालयांचा प्राण तिथेच असल्यामुळे पावतीपुस्तक आणि वेगळी वही चालू ठेवावी लागते. मराठी पडदाही तयार मिळत नाही. भाषांतराची फाईल उघडी असल्याने दोन-तीन वाचनालयांनी मिळून ती केली तर सर्वांच्या कामी येईल. तोवर इंग्रजी पडद्यावर भागते.

वीज अचानक गेली की झॅम्पमधला मायएसक्यूएल पुन्हा उठत नाही, हा नेहमीचा त्रास आहे. यूपीएसवर बारकोड स्कॅनरपेक्षा आधी पैसे घाला. बॅकअपचे बटण रोज दाबा, तयार झालेल्या फाईलचा आकार बघा, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर खरोखर चढवून बघा. एक प्रत सचिवांच्या घरी असू द्या.

वार्षिक मोजणी मात्र जपून करा. मोजणी सुरू केली की प्रत्येक पुस्तक स्कॅन करायचे. सभासदांकडे गेलेली पुस्तके आपोआप वेगळी धरली जातात. ‘समाप्त’ करताना स्कॅन न झालेली पुस्तके हरवलेली म्हणून नोंदवली जातात, आणि तिथेच ती काढून टाकण्याचा एक चौकोन असतो. त्यावर खूण करू नका. बाइंडिंगला गेलेला गठ्ठा किंवा कपाटामागे पडलेली पुस्तके महिन्याने सापडतात, तेव्हा त्यांच्या नोंदी जागेवर असल्या पाहिजेत.