जालन्यात जुन्या जीपची ओरिजिनल बटनं: चाचांच्या दुकानाचा अनुभव

ज्यांना जुन्या महिंद्रा नाहीतर विलिस जीपच्या डॅशबोर्डची ओरिजिनल बटनं पाहिजेत त्यांनी मुंबई-दिल्लीच्या नादी लागायच्या आधी जालन्याला एक चक्कर मारा, एवढंच खरं तर सांगायचंय, पण जायच्या आधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या म्हणून जरा सविस्तर लिहूलालो.

दुकान जुन्या मोंढ्याच्या बाजूला आहे. पाटी होती कधीतरी, आता तिच्यावर बॅटरीच्या जाहिरातीचा पत्रा ठोकलाय, त्यामुळं नाव विचारत बसू नका, तिथल्या कुठल्या पण गॅरेजवाल्याला "जीपचे पार्टवाले चाचा" म्हणलं की पोरगं हातातला पाना न सोडता बोट दाखवतं. आत दोन माणसं धड उभी राहणार नाहीत एवढी जागा, वरपर्यंत खोकी, आणि ग्रीस आणि जुन्या रबराचा तो वास.

आमची जीप सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली. विलिसनं अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला काढलं, नवीन एफ-हेड इंजिन (एक व्हॉल्व वर हेडमधे, दुसरा खाली ब्लॉकमधे असलेलं) उंचीला जास्त म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं, आणि तिकडं १९६८ ला ते बंद पण झालं. आपल्याकडं मात्र महिंद्रानं त्याच घाटाच्या जीपा पुढं कितीतरी वर्षं काढल्या. याचा फायदा असा की पार्ट अजून सापडतात आणि तोटा असा की त्यांच्या कॉप्या पण तितक्याच निघाल्यात. आमची गाडी एका कारखान्याच्या लिलावातून आलेली, आधीच्या लोकांनी डॅशबोर्डची जी कळा केलती ती बघून हसावं का रडावं कळंना. हेडलाइटला घरातल्या बोर्डावरचं बटन, हॉर्नला दारावरच्या बेलचं, चोकची केबल तारेनं बांधलेली, आणि चावीच्या जागी नुसतं भोक, दोन वायरी टेकवल्या की चालू.

सगळ्यात अडलं ते हेडलाइटच्या खेचायच्या बटनावर. नॉब ओढला की पहिल्या खटक्याला पार्किंग आणि मागचा दिवा, दुसऱ्या खटक्याला हेडलाइट, अप्पर-डिप्पर पायाखाली फ्लोअरवर. दिसायला साधं प्रकरण. पण जुन्या जीपला रिले बिले (बटनाच्या बारक्या इशाऱ्यावर मोठा करंट स्वतःतून नेणारा वेगळा स्विच) काही नसतो, हेडलाइटचा सगळाच्या सगळा करंट या एवढ्याशा बटनातून जातो. बारा व्होल्टवर पंचावन्न-साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ९ ते १० अँपियर झाले, वर पार्किंग, टेल आणि मीटरचे दिवे वेगळे. सहा व्होल्टची जुनी गाडी असली तर तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट. आता आत पितळेची जाड पट्टी आणि चांगली दाबून बसणारी स्प्रिंग असली तर ते वर्षानुवर्षं चालतं, आणि पातळ पत्र्यावर नुसता पिवळा मुलामा असला की ठिणगी पडते, काळं पडतं, काळं पडलं की अजून गरम होतं आणि मग वास सुटतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "जेन्युइन" म्हणून मागवलेल्या बटनाचं आमच्याकडं हेच झालं, वरून क्रोम एकदम चकाचक, आणि परभणी रोडला रात्री नॉबला हात लावला तर चटका. पैसे परत मागितले तर म्हणे तुमच्या वायरिंगचा दोष.

तेच जळकं बटन घेऊन चाचांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर केला, बटन नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणले, "डुप्लिकेट हय. किदर से उठाये?" मग स्टुलावर चढून वरचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत उर्दू पेपरच्या कागदात एकेक बटन गुंडाळलेलं, कागद ग्रीस पिऊन पारदर्शक झालेला, ग्रीस मेणासारखं घट्ट. रॉकेलच्या वाटीत बुडवून ब्रशनं घासलं तसं खालचं काळं बॅकेलाइट (जुन्या काळचं टणक, उष्णतेनं न वितळणारं प्लास्टिक) आणि पितळेचे टर्मिनल दिसायला लागले. हातात घेतलं की वजनातच फरक कळतो राव.

आणि आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी या दुकानाला मानतो. बाकीचे दुकानदार टेस्ट लॅम्प लावतात, बारका बल्ब पेटला की "ओके आहे साहेब". बारक्या बल्बवर कुठलं पण बटन पास होतंय, जळकं सुद्धा. चाचांच्या काउंटरखाली ट्रकची बॅटरी आणि लाकडी फळीवर दोन खरे हेडलाइट ठोकलेत. त्यांनी बटन जोडलं, दुसऱ्या खटक्यापर्यंत ओढलं आणि चहा सांगितला. चहा येऊन, पिऊन, दुसरं गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत दिवे चालूच. मग म्हणले हात लाव. कोमट होतं, बस. मग नॉब धरून डावीउजवीकडं हलवला, दिवा फडफडला नाही. त्याच डब्यातलं दुसरं एक फडफडलं तर ते त्यांनीच बाजूला टाकलं, "ये नक्को" म्हणून. असं कोण करतंय आजकाल.

ओळखायचं कसं म्हणाल तर नॉब ओरिजिनलला बारक्या स्क्रूनं दांडीवर आवळलेला असतो, कॉपीत बऱ्याचदा नुसता दाबून बसवलेला. खालचा भाग बॅकेलाइटऐवजी साध्या प्लास्टिकचा असला की तिथंच सोडा. आणि पुढचा गोल नट बरोबर न्या. जुनं काम इंची आट्यांचं, कॉप्या निघाल्या मिलिमीटरच्या, ओरिजिनल नट कॉपीवर दोन फेरे जाऊन अडकतो, त्यात सगळं आलं.

भाव स्वस्त नाहीत. हेडलाइटच्या बटनाचे बाराशे घेतले, चावीचं बटन दोन चाव्यांसकट नऊशे. कॉपी अडीचशेत मिळते हे मला पण माहिताय. घासाघीस केली की चाचा बोलायचेच बंद होतात, डबा वर ठेवून देतात, माझ्यासमोर एकाला तसंच पाठवलं. बिल मागू नका, परत घ्यायची भाषा नाही. फोनवर विचारलं की "नहीं है" हे ठरलेलं उत्तर, फोटो पाठवला तर बघत पण नाहीत, आणि समोर जाऊन उभं राहिलं की तीच वस्तू निघते. कुरिअर करत नाहीत. लांबून येणाऱ्याला हे लई त्रासाचं आहे, याच्यात कौतुकासारखं काही नाही. आणि सगळंच ओरिजिनल असतं असं पण नाही, मीटरच्या लाइटचं बटन त्यांनी कंपनीचं म्हणून ठेवलं पुढं, पालथं करून बघितलं तर बूड साध्या प्लास्टिकचं. मी नको म्हणलं, ते नुसते हसले. पाचपैकी चार देतो, एक या बटनाचा आणि त्या फोनचा कापला.

एवढा जुना माल यांच्याकडं येतो कुठून, तर जालन्यात स्टीलच्या भट्ट्या, सळईचे कारखाने, त्यामुळं भंगार लांबलांबून येतं. जीप कापली की पत्रा भट्टीत. चाचा भंगारवाल्यांना सांगून ठेवतात, कापायच्या आधी डॅशबोर्ड सोडवून घेतात.

कुणीतरी विचारणारच म्हणून, व्हिंटेज नोंदणीसाठी ओरिजिनल बटनं लागत नाहीत. २०२१ च्या नियमात गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांच्या वरची पाहिजे आणि चॅसिस, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल नको, फी २० हजार, नंबरात व्हीए येतं, पण मग रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. आपल्याकडच्या निम्म्या जीपांना डिझेल इंजिन टाकलेलं, तिथंच गाडं अडतंय, बटनाचं कोण बघतो. बटनं आपल्या हौसेसाठी. बसवताना मी हेडलाइटला मागं लपवून रिले टाकला, म्हणजे आता बटनावर जवळपास लोडच नाही. यावर आमचे मिस्त्री म्हणले मग कॉपी काय वाईट होती. त्यांना तो खटका ऐकवला, जाड, दबलेला, ते म्हणले हां, हे वेगळंय.

वायपरचं बटन मात्र तिथं मागू नका, जुन्या विलिसचा वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर (इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर) चालायचा, रेस दिली की मंद व्हायचा, त्याला डॅशवरचं विजेचं बटन नसतंच. चाचा त्यावरून फार हसतात.

जाताना जुनं बटन, नट आणि डॅशच्या भोकाचं माप घेऊन जा, कॅश ठेवा. दुकान अकराच्या आत उघडत नाही, शुक्रवारी दुपारी बंद. मोंढ्यात ट्रक-हातगाड्यांची गर्दी असते, जीप घेऊन जाणार असाल तर लांबच लावा आणि चालत जा.