निवांत डॉग पार्क की लांब दोरी?

कुत्र्याला मनसोक्त पळू द्यायचंय आणि दोन पर्याय समोर आहेत: उपनगरातला, फारशी वर्दळ नसलेला कुंपणाचा डॉग पार्क, नाहीतर मोकळ्या मैदानात लांब दोरी लावून फिरवणं. मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत आधीच सांगते: ज्याला दुसऱ्या कुत्र्यांशी खेळायला मनापासून आवडतं, त्याच्यासाठी पार्क. बुजऱ्यासाठी दोरी.

पार्कातलं खरं सुख वेगाचं. दहा मीटरची दोरी असली, तरी जवान कुत्रा दोन सेकंदांत तिच्या टोकाला पोचतो. कुंपणाच्या आत मात्र तो कान मागे टाकून गोल गोल सुटतो, वळताना मागचे पाय घसरतात, माती उडते आणि तो पुन्हा तसाच सुसाट. हे दोरीला कधीच जमणार नाही.

पण पार्क शांत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आत दोनच कुत्रे असले, की सगळी भिस्त त्या दुसऱ्या कुत्र्यावर. म्हणून पाच मिनिटं बाहेरूनच बघावं. एकदा आमची कुत्री दोन फाटकांच्या मधल्या जागेत उभी होती, पट्टा अजून माझ्या हातात. पलीकडे एक थोराड कुत्रा आला: तोंड घट्ट मिटलेलं, शेपटी काठीसारखी ताठ, नजर हलत नव्हती. मालक लांबून म्हणाले, "काही करत नाही हो तो." मी तिथूनच मागे फिरले, आणि तेच बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

खेळाची देहबोली अगदी वेगळी असते. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केलेला, अंग सैल, आणि पाठलागाची पाळी बदलत राहते. शंका आली तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरा. दुसरा आपणहून परत आला तर खेळ चाललाय. लांब जाऊन बसला तर पुरे. आत जाताना पट्टा मात्र त्या मधल्या जागेतच काढा. मोकळ्या कुत्र्यांमध्ये बांधलेल्याला पळता येत नाही, आणि घाबरलेला कुत्रा मग दात दाखवतो.

लहान पिल्लासाठी दोन्ही नको, लसीकरण पूर्ण होईपर्यंत. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे पार्क रिकामा दिसला तरी धोका तोच. अनोळखी कुत्री फिरतात त्या मैदानालाही हेच लागू.

दोरीचा फायदा हुंगण्यात आहे. कुत्रा एकाच झुडपाशी तीन मिनिटं नाक खुपसून उभा राहतो, आपण घाई करायची नाही. असा अर्धा तास डोक्याला छान दमवतो. दोरी पाच ते दहा मीटरची घ्या आणि हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नको. टोकाशी बसणारा हिसका मानेला सोसत नाही. आपोआप गुंडाळणारी पातळ दोरी मी टाळते. ती हाताला किंवा पोटरीला कापते, आणि हँडल हातातून सुटलं तर ते मागे खडखडत येतं आणि कुत्रा आणखी बिथरतो.

हाक मारल्यावर परत येणं दोरीवरच शिकवा. तो रमलेला असताना बोलवा, खाऊ द्या, आणि लगेच पुन्हा सोडा, म्हणजे हाक आली की मजा संपली असं त्याला वाटत नाही. पार्कात खाऊ आणि चेंडूवरून भांडणं जुंपतात, त्यामुळे हा धडा तिथे नको. आणि लांब दोरी पार्कात तर अजिबात नको; धावणाऱ्या पायांत ती गुंतते.

आम्ही सध्या सकाळी लवकर जातो. पार्क रिकामा असेल तर आत, नसेल तर दोरी लावून कुंपणाच्या बाहेरून चक्कर. आतला एखादा कुत्रा जाळीपाशी येतो, आमची कुत्री नाक लावते, शेपटी जरा हलते, आणि पुन्हा तिच्या झुडपाकडे वळते.