सळईवरची कोंबडी की जाळीवरची?

शेतातल्या जेवणासाठी कोळशाच्या शेगडीवर फिरती सळई बसवावी की साधी जाळीच ठेवावी, असे लातूरच्या मेहुण्यांनी विचारले. सव्वा किलोची अख्खी कोंबडी सळईवर शिजायला तास-सव्वा तास लागतो; मात्र निखारे दोन्ही बाजूंना सारून मधे ताटली ठेवली, तर चरबी तीत जमते आणि कातडी सगळीकडून सारखी तांबूस होते. पंख व तंगड्या सुती दोऱ्याने आवळून बांधाव्या लागतात, नाहीतर वजन एका अंगाला जाऊन सळई फिरवणारी विजेची मोटार अडखळते. (भारनियमनात ती थांबतेच, मग हाताने फिरवा.) जाळी स्वस्त, तुकडेही अर्ध्या तासात होतात, पण चरबीने भडका उडाला की मांस बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्चे राहते. चार पाहुणे निवांत बसणार असतील तर सळई घ्यावी. वीस जण ताटकळणार असतील तर जाळीच बरी.