बर्न-इन करायचं का? स्पीकर, अँप आणि केबल यांचा वेगवेगळा हिशोब

नवीन सेटअप घेतला की कोणीतरी सांगतंच, आत्ता काही ठरवू नको, आधी 200 तास वाजू दे, मग बघ आवाज कसा खुलतो. यालाच बर्न-इन म्हणतात. हा सल्ला स्पीकरला, अँपला (म्हणजे अँप्लिफायरला) आणि वायरला सरसकट एकच दिला जातो आणि घोळ तिथेच आहे, कारण या तिघांच्या आत जे घडतं ते अजिबात सारखं नाही.

स्पीकरमध्ये खरंच काहीतरी होतं. वूफरचा कोन कडेच्या सराउंडवर आणि कॉइलजवळच्या स्पायडरवर तोललेला असतो, हा स्पायडर म्हणजे रेझिन लावून कडक केलेलं कापड, नवा असताना ताठ असतो आणि कोन जोरात हलायला लागला की सैल पडतो, मग ड्रायव्हरचा (म्हणजे कोन-कॉइलच्या या अख्ख्या युनिटचा) रेझोनन्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला तो आपसूक जास्त हलतो ती, खाली येतो, समजा 60 हर्ट्झचा 55. हे मोजता येतं. पण यातला बराचसा बदल पहिल्या काही मिनिटांतच उरकतो, आणि ड्रायव्हर बंद डब्यात बसवला की बऱ्याचदा डब्यातली हवाच मोठी स्प्रिंग बनते, त्यामुळे बेसमधला फरक किरकोळच राहतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, याच्या कितीतरी पट जास्त फरक ऐकू येईल (आणि तो फुकट आहे).

हेडफोनचं पण तेच, फक्त तिथे डायाफ्रामपेक्षा पॅड जास्त बदलतात. पॅड दबून मऊ झाले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, सील बदलतं, टोन बदलतो. तो बदल डोक्यावर घालून येतो, ड्रॉवरमध्ये पिंक नॉइज (टेस्टसाठीचा सलग खरखराट) लावून ठेवून नाही.

अँपच्या बाबतीत लोक वॉर्म-अप आणि बर्न-इन एक करून टाकतात. ट्यूब अँप किंवा क्लास ए अँप गरम होऊन स्थिर व्हायला अर्धा तास घेऊ शकतो, मान्य, पण ते दर वेळी चालू केल्यावर होतं, एकदाच नाही. बरीच वर्षं पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवरचा ऑक्साइडचा थर व्होल्टेज मिळाल्यावर परत नीट बनतो हेही खरं, पण नव्या अँपला त्यासाठी आठवडे लागत नाहीत. आणि पॉवर ट्यूबचं आयुष्य मुळात काही हजार तास, त्यातले 200 कोणी ऐकत नसताना जाळायचे कशाला?

आता केबल. इथे हलणारं काही नाही, गरम होणारं जवळपास काही नाही. तांब्याची आतली रचना बदलायची तर ते भट्टीत तापवावं लागतं, गाण्याच्या सिग्नलने ते होत नाही. इन्सुलेशन "सेट होतं" असंही सांगतात, पण केबलचा रेझिस्टन्स, कॅपॅसिटन्स, इंडक्टन्स आधी मोजा आणि 300 तासांनी मोजा, आकडे तेच येतात. एक गोष्ट मात्र होऊ शकते, केबल काढून परत लावली की प्लग घासला जातो, कॉन्टॅक्टवरचा मळ निघतो, आणि त्याचं श्रेय बर्न-इनला मिळतं.

शिवाय मला नेहमी खटकतं ते हे की बर्न-इननंतर आवाज बिघडला असं कोणी कधी म्हणत नाही. बदल खरा असता तर दहातला एखादा तरी वाईट दिशेला गेला असता ना राव. महिन्यापूर्वीचा आवाज बारकाव्यांसकट कोणाच्याच लक्षात राहत नाही, तेवढ्यात कान मात्र नव्या टोनला सरावतात.

तरी शंका असेल तर केबलची टेस्ट सोपी आहे. एकाच मॉडेलच्या दोन घ्या, एक वाजवत ठेवा, दुसरी पाकिटातच राहू दे, मग दुसऱ्या कोणाला तरी तुम्हाला न दिसता बदलायला सांगा, व्हॉल्यूमला हात लावू नका. 16 पैकी 12 किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंत तर नुसता अंदाज म्हणून सोडून देता येणार नाही.

घेणाऱ्याने कसं ठरवावं? केबल "कुक" करून, म्हणजे आधीच बर्न-इन करून, देण्याचे पैसे कोणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. स्पीकर पहिल्या दिवशी थोडा मोठ्याने वाजवा, बस, रात्रभर फुल व्हॉल्यूमवर नॉइज सोडून ट्वीटर जाळू नका. अँप मात्र सुरुवातीच्या दिवसांत भरपूर चालवा, आवाजासाठी नाही, कच्चा पार्ट असेल तर तो बहुतेक लवकरच जातो आणि तेव्हा परत करता येतो. रोज दोन तास ऐकणाऱ्याचे 200 तास भरायला 100 दिवस लागतात आणि परत करायची मुदत बहुतेक त्याच्या खूप आधी संपते. म्हणून पहिल्या आठवड्यात आवाज आवडला नाही, तर "अजून खुलेल" म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात परत पाठवा.