काशीतली खोली : फोटो खरा, नंबर खोटा

आईला विश्वनाथाची पहाटेची मंगला आरती बघायची होती आणि तिचे गुडघे फार चालू देत नाहीत. म्हणून स्टेशनजवळचं हॉटेल सोडून देवळाजवळच्या गल्लीतच उतरायचं ठरवलं. ते ठरवणं मला आजही चुकीचं वाटत नाही. गोदौलिया चौकापासून पुढे त्या बोळांत गाडी शिरत नाही, सगळं पायीच. म्हाताऱ्या माणसाला देवळाजवळची खोली म्हणजे मोठा आधार. नेमकी हीच गरज ठगांनी हेरलेली आहे.

नेटवर एका धर्मशाळेचं पान सापडलं. अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधलेल्या मंदिराचा फोटो, खाली स्वच्छ खोल्या, मोबाईल नंबर. फोन उचलणारा इतका अदबीनं बोलला की आईसाठी तळमजल्याची खोली त्यानंच सुचवली. तीन रात्रींचे 4,800 रुपये आगाऊ मागितले. यूपीआयने पाठवताना पडद्यावर धर्मशाळेचं नाव आलं नाही, कुणा एका माणसाचं आलं. मी क्षणभर थांबले होते. तिथेच थांबायला हवं होतं.

धर्मशाळा खरोखर होती. फोटोतली निळी जाळीची खिडकीही तीच. व्यवस्थापकांनी जाड रजिस्टर उघडलं, बोट खाली-खाली नेलं आणि मान हलवली. माझ्या मोबाईलवरचा नंबर बघून म्हणाले, "ये हमारा नंबर नहीं है, बहनजी." आई बॅगेवर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. ते मी विसरू शकत नाही.

मी त्याच नंबरवर फोन लावला. तो लगेच म्हणाला, पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका. व्यवस्थापकांनी माझा हात धरला. पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की ते जातात.

मग सायबर हेल्पलाइन 1930 ला आणि बँकेला कळवलं. पण पैसे देऊन नऊ दिवस झाले होते. हा फोन लगेच केला तर समोरच्याच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून संशय आला की तासही दवडू नका. काशी विश्वनाथला जाणार असाल तर मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच सुरुवात करा. खासगी धर्मशाळा असेल तर आधी जाऊन आलेल्या यात्रेकरूकडून नंबर घ्या आणि आगाऊ रक्कम माणसाच्या नावावर टाकू नका.

त्या रात्री व्यवस्थापकांनी तळमजल्यावर आईपुरती एक खाट दिली. मी शेजारी चटईवर झोपले.